ओपनिंग कोणाचे बोट धरून शिकावे?

जुलै २०२५च्या अखेरीस नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी होती, निकाल जलद डावांच्या टायब्रेकरमध्ये लागला आणि १९ वर्षांची ही मुलगी त्या एका विजयाने थेट ग्रँडमास्टर झाली. त्या आठवड्यात मी मुलांना शिकवतो त्या खोलीत पट कमी पडू लागले. आठवीतली एक मुलगी, दीड-दोन वर्षे नेमाने येणारी, मोहरी मांडून होण्याआधीच म्हणाली, "सर, दिव्याताई जे ओपनिंग खेळते ना, तेच मला शिकवा."

मी "बघू" म्हणालो. घरी आल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. बुद्धिबळ गांभीर्याने शिकणाऱ्या प्रत्येकाने केव्हा ना केव्हा हीच मागणी केलेली असते: मला अमुक आवडतो, मला त्याच्यासारखी सुरुवात करायची आहे. या मागणीत किती तथ्य आहे, थोरांनी ती कशी पुरी केली आणि कुठे ती अंगाशी येते, हे एकदा सलग पाहावे म्हणून हा लेख.

ओपनिंग हा शब्द आता मराठीच झाला आहे. "डावाची सुरुवात" म्हटले की पहिल्या एक-दोन चाली डोळ्यांसमोर येतात. ओपनिंगमध्ये मोहरी घराबाहेर काढणे येते, राजाला किल्लेकोटात नेणे येते (मुलांच्या तोंडी कॅसलिंग), मधल्या चार घरांवर हक्क कोणाचा याचा पहिला निवाडा येतो. साधारण दहा-पंधरा चालींचा हा पल्ला. तो शिकण्याच्या वाटा तीन.

पहिली वाट तत्त्वांची. घोडे-उंट लवकर काढा, वजीर लवकर हिंडवू नका, एकच मोहरा पुन्हा पुन्हा हलवू नका. कापाब्लांकाचे १९२१चे प्रसिद्ध पाठ्यपुस्तक तर सोप्या माती आणि मोजक्या मोहऱ्यांचे शेवट यांपासूनच सुरू होते. ओपनिंगला तिथे घाई नाही. दुसरी वाट कोशाची. बेलग्रेडहून १९६६पासून निवडक डावांचे खंड निघू लागले आणि पुढे ओपनिंगचा पाच भागांचा ज्ञानकोश आला. ए ते ई ही पाच अक्षरे, प्रत्येकाखाली शंभर खाने, जगातल्या सगळ्या सुरुवाती पाचशे खान्यांत बसवलेल्या. जुने खेळाडू अजूनही "बी-९०" म्हणतात आणि ऐकणाऱ्याला नायडॉर्फ कळते. तिसरी वाट माणसाची: एक खेळाडू धरायचा, त्याने ते ओपनिंग आयुष्यभर कसे खेळले ते डावामागून डाव पाहायचे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. नवशिका म्हणावे त्या पायरीच्या पुढे गेलेल्या मुलाला तिसरी वाट सर्वांत लाभाची आहे. अट एवढीच की डाव शेवटच्या चालीपर्यंत पाहायचा आणि त्या खेळाडूचे पराभवही पाहायचे. पहिल्या पंधरा चाली कापून घेतल्या तर हाती पुन्हा कोशच उरतो, आणि तोही अपुरा.

या वाटेने गेलेला सर्वांत मोठा विद्यार्थी बॉबी फिशर. न्यूयॉर्कमध्ये १९५८-५९च्या अमेरिकी अजिंक्यपद स्पर्धेत त्याची गाठ सॅम्युएल रेशेव्हस्कीशी पडली. फिशर १५ वर्षांचा, आणि रेशेव्हस्की अमेरिकेतला अनेक वर्षांचा अव्वल खेळाडू. सिसिलियन बचाव झाला. आठव्या चालीला रेशेव्हस्कीने घोडा ए-५वर नेला, नवव्या चालीला ई-५चे प्यादे अंगावर आल्यावर दुसरा घोडा ई-८वर माघारी घेतला. दहाव्या चालीला फिशरने उंट एफ-७वर आपटून शह दिला आणि अकराव्या चालीला घोडा ई-६वर उडी मारून बसला. घोडा प्याद्याने मारला तर वजीर जातो, राजाने मारला तर राजा उघड्यावर येऊन मात होते, आणि वजिराला सरकायला घर नाही. अकरा चालींत वजीर गेला. रेशेव्हस्की तरीही बेचाळिसाव्या चालीपर्यंत झुंजत राहिला.

हा सापळा त्याच वर्षी सोव्हिएत संघातल्या एका डावात येऊन गेला होता. फिशरने बुद्धिबळाच्या रशियन नियतकालिकांपुरती रशियन शिकून घेतली होती, आणि रेशेव्हस्कीला त्या डावाची खबर नव्हती. लोक ही गोष्ट स्मरणशक्तीची म्हणून सांगतात. मला तिच्यात चिकाटी दिसते. पंधरा वर्षांचा मुलगा परक्या लिपीत, परक्या देशातल्या फारशा नामांकित नसलेल्या खेळाडूंचे डाव पटावर मांडून बसतो, याला वेगळेच वेड लागते.

त्याचे दुसरे उदाहरण मला याहून मोलाचे वाटते. स्टाइनिट्झ हा पहिला अधिकृत जगज्जेता. १८९०-९१मध्ये तो रशियाच्या चिगोरिनशी तारेने दोन डाव खेळला. एका डावात दोन घोड्यांच्या बचावात स्टाइनिट्झने नवव्या चालीला आपला घोडा एच-३वर, पटाच्या काठाला नेऊन ठेवला. काठावरचा घोडा वाईट, हे आपण पहिल्याच आठवड्यात मुलांना सांगतो. स्टाइनिट्झ तो डाव हरला आणि ती चाल विक्षिप्तपणाचा नमुना म्हणून बाजूला पडली. सत्तर वर्षांनी, १९६३मध्ये, पकिप्सी इथल्या स्पर्धेत फिशरने आर्थर बिसगायरविरुद्ध नेमकी हीच चाल खेळून डाव जिंकला. हरलेल्या डावातली चाल बरोबर असू शकते, हे पाहायला तो डाव शेवटपर्यंत खेळून बघावा लागतो. निकालाचा आकडा पाहून पान उलटणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. थोर खेळाडूवर खरा जीव असेल तर त्याच्या हरण्यावरही असला पाहिजे. फिशरचा स्टाइनिट्झवर होता.

आता थोडे घराजवळ येऊ. आपल्या देशी पद्धतीच्या बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जात असे. त्यामुळे मध्यावर झेप घेणे शक्य नव्हते. मोहरी सावकाश मांडायची, उंट कोपऱ्याकडच्या तिरप्या ओळीत बसवायचा आणि दुरून मध्यावर मारा ठेवायचा, ही तिथली रीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कोलकात्यात जॉन कोक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर होता, युरोपात नाव कमावलेला खेळाडू. त्याला महेशचंद्र बंद्योपाध्याय हे बंगाली गृहस्थ भेटले आणि दोघांत शेकडो डाव झाले. महेशचंद्र विलायती नियमांनी खेळत, पण हात देशीच. कोक्रेन राजासमोरचे आणि वजिरासमोरचे प्यादे दोन-दोन घरे रेटून मध्य व्यापी आणि महेशचंद्र जी-६ करून उंट जी-७वर ठेवीत. १८५५च्या एका डावात तर महेशचंद्रांनी तिसऱ्या चालीला प्यादे डी-५वर ढकलून जी रचना उभी केली, ती १९२२मध्ये ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने खेळली आणि जगाने तिला ग्रुनफेल्ड बचाव हे नाव दिले.

किंग्ज इंडियन, क्वीन्स इंडियन, निम्झो-इंडियन या नावांतल्या "इंडियन"चे मूळ इथे आहे. आणि हे सगळे आपल्याला कळले ते कोक्रेनने डाव टिपून ठेवले म्हणून. महेशचंद्रांच्या पिढीत आणखी कितीतरी जण असे खेळत असतील. त्यांचे डाव कोणी लिहिले नाहीत, त्यामुळे त्यांच्यापासून शिकणाऱ्यांची ओळ उभी राहिली नाही. डाव लिहून ठेवण्याची सवय मी मुलांना इतक्या आग्रहाने लावतो त्याचे कारण हेच.

याच गोष्टीची दुसरी, दुखरी बाजू म्हणजे मीर सुलतान खान. पंजाबातला हा माणूस देशी पद्धतीत वाढला, १९२९मध्ये इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून बसला. १९३२ आणि १९३३मध्ये पुन्हा जिंकला. १९३०-३१च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने कापाब्लांकाला हरवले. मधल्या डावात आणि शेवटात तो जगातल्या कोणाच्याही तोडीचा होता, पण युरोपीय पुस्तकांशी परिचय नसल्यामुळे ओपनिंग हा त्याचा कायमचा कच्चा दुवा राहिला. दर डावात तो दहा-बारा चाली अडचणीत काढी आणि मग तिथून वर येई. ज्याला दुसऱ्यांचे डाव वाचायला मिळाले नाहीत अशा असामान्य बुद्धीला किती किंमत मोजावी लागते, याचे इतके स्वच्छ उदाहरण माझ्या माहितीत दुसरे नाही. जागतिक संघटनेने त्याला ग्रँडमास्टर हा मानाचा किताब दिला तो २०२४मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

एका डावातून दुसरा डाव कसा जन्मतो, हे पाहायचे तर खुल्या स्पॅनिशची साखळी पाहावी. यात काळा पाचव्या चालीला ई-४चे प्यादे घोड्याने खातो आणि पटाचा मध्य मोकळा होतो. १९७८मध्ये फिलिपिन्समधल्या बागुइओत कारपॉव्ह आणि कोर्चनॉय जगज्जेतेपदासाठी लढत होते. दहाव्या डावात, अकराव्या चालीला कारपॉव्हने घोडा जी-५वर, सरळ काळ्या वजिराच्या तोंडी नेऊन ठेवला. ही कल्पना त्याच्या साहाय्यकांच्या खोलीत शिजलेली. मिखाईल ताल त्या वेळी त्याच्या गोटात होता. कोर्चनॉयने घोडा मारला नाही, वाट काढली आणि डाव बरोबरीत सुटला. चौदाव्या चालीला कारपॉव्हने दुसरा घोडा एफ-३वर घेतला होता. प्रकरण मिटले असे वाटले.

सतरा वर्षांनी, १९९५मध्ये, न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या १०७व्या मजल्यावर कास्पारॉव्ह आणि आपला आनंद समोरासमोर बसले. सहाव्या डावात हीच स्थिती आली, आणि कास्पारॉव्हने कारपॉव्हचीच चाल खेळली; डाव बरोबरीत गेला. नववा डाव आनंदने जिंकला, तो आघाडीवर आला. दहाव्या डावात पुन्हा तीच स्थिती. या वेळी चौदाव्या चालीला कास्पारॉव्हने उंट सी-२वर मागे घेतला आणि पुढच्या चालीला ए-१वरचा अख्खा हत्ती देऊ केला. कल्पना तालची होती. ताल १९९२मध्ये वारला. तीन वर्षांनी त्याची चाल पटावर आली. आनंदने बराच वेळ विचार केला, पण राजा मध्यातच अडकला होता. तो डाव गेला, आणि पुढे लढतही १०.५-७.५ अशी गेली.

मी हा डाव मुलांना दाखवतो तेव्हा तीन पट शेजारी शेजारी मांडतो: बागुइओचा, सहावा, दहावा. तेरा चाली तिन्हीकडे सारख्या. चौदाव्याला रस्ता फुटतो. हे पाहिल्यावर मुलांना न सांगता कळते की ओपनिंग ही एक चाललेली गोष्ट आहे, तिच्यात तुमच्या आधी कोणी कोणी काय म्हणून ठेवले आहे, आणि ते ऐकल्याशिवाय तुम्हाला पुढचे वाक्य बोलता येत नाही. त्याच वर्षी रीगात, तालच्या स्मृतिप्रीत्यर्थ झालेल्या स्पर्धेत, कास्पारॉव्हने आनंदविरुद्ध इव्हान्स गॅम्बिट काढले. एकोणिसाव्या शतकातल्या एका जहाजाच्या कप्तानाने शोधलेले, वरच्या पातळीवर जवळजवळ मोडीत निघालेले ओपनिंग. पंचवीस चालींत डाव संपला. जुने डाव वाचणारा माणूस किती धोकादायक असतो, हे आनंदइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले असेल.

हीच साखळी उलटी फिरूही शकते. १९७२ची रेक्यविकची फिशर-स्पास्की जगज्जेतेपदाची लढत, सहावा डाव. आयुष्यभर राजासमोरचे प्यादे पुढे ढकलणाऱ्या फिशरने सी-४ खेळून सगळ्यांना चकित केले आणि डाव क्वीन्स गॅम्बिटच्या टार्टाकोव्हर प्रकारात गेला, जो स्पास्कीचा हक्काचा. चौदाव्या चालीला फिशरने उंट बी-५वर नेला. ही चाल दोन वर्षांपूर्वी फुरमानने गेलरविरुद्ध खेळलेली. आणि गेलर कोण? रेक्यविकमध्ये स्पास्कीचाच साहाय्यक. म्हणजे ज्याच्यावर ती चाल पूर्वी चालवली गेली तो माणूस स्पास्कीच्याच ताफ्यात होता. तरी स्पास्कीने ए-६ खेळून डाव बिघडवून घेतला आणि हरला. शेवटी प्रेक्षकांबरोबर त्यानेही टाळ्या वाजवल्या. खेळातल्या सौजन्याची याहून सुंदर घटना मला आठवत नाही. पुढच्याच वर्षी हिल्व्हर्समला तरुण टिमानने गेलरविरुद्ध फिशरचा कित्ता गिरवला. गेलरने वजीर बी-७वर ठेवून खरे उत्तर दाखवले आणि डाव जिंकला. टिमानने थोर माणसाचा डाव उचलला होता; त्याच्यासमोर बसलेल्याने त्याच स्थितीवर स्वतः बसून विचार केलेला होता. दोघांच्या शिकण्यात एवढा फरक.

अनुकरण अंगाशी येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण मात्र वेगळे आहे. २०००मध्ये लंडनला क्रामनिकने कास्पारॉव्हला हरवले, ८.५-६.५. पंधरा डावांत कास्पारॉव्हला एकही विजय मिळाला नाही, आणि त्यात मोठा वाटा बर्लिन बचावाचा. आठव्या चालीला वजीर मारले जातात, काळ्याच्या राजाचा किल्लेकोटाचा हक्क जातो, आणि प्यादी जोडीने अडकून बसतात. दिसायला काळा वाईट, प्रत्यक्षात अभेद्य. या लढतीनंतर जगभरच्या क्लबांत बर्लिनची साथ पसरली. पण क्रामनिकची भिंत ही आठ चालींची नव्हती. वजीर नसलेल्या पटावर तास-तास बसून एकेका घराचा हिशेब करण्याची त्याची तयारी, दोन उंट कधी उपयोगी पडतात याची जाण, हे त्या भिंतीचे दगड. बारा वर्षांच्या मुलाने पहिल्या आठ चाली पाठ केल्या तर त्याच्याकडे फक्त किल्लेकोट नसलेला राजा उरतो. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे: मुलगा आठव्या चालीपर्यंत भराभर खेळतो, चेहऱ्यावर समाधान असते, आणि नवव्या चालीला घड्याळाकडे पाहू लागतो.

बर्लिन म्हणजे फक्त हा कोरडा शेवट, असेही समजू नये. एप्रिल २०२४मध्ये टोरोंटोला कँडिडेट्स स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत नाशिकच्या विदित गुजराथीने काळ्या मोहऱ्यांनी नाकामुराविरुद्ध बर्लिनच खेळले. नाकामुराने चौथ्या चालीला डी-३ करून वजीरमारीची वाट टाळली. अकराव्या चालीला विदितने एच-३वर उंटाचे बलिदान केले आणि पांढऱ्या राजाच्या दारात लढाई नेली. ओपनिंगचे नाव तेच आणि स्वभाव पार निराळा. म्हणून "मला बर्लिन शिकवा" या मागणीला मी विचारतो, क्रामनिकचे की विदितचे?

आवडत्या खेळाडूवरची श्रद्धा किती ताणावी, याचे उत्तर फिशरच्याच एका पराभवात आहे. नायडॉर्फमधले "विषारी प्यादे", म्हणजे काळ्या वजिराने बी-२वर जाऊन प्यादे खाणे, हा त्याचा अभिमानाचा प्रकार. रेक्यविकच्या सातव्या डावात तो त्याने खेळला आणि बरोबरी झाली. अकराव्या डावात पुन्हा खेळला, तेव्हा स्पास्कीने चौदाव्या चालीला घोडा बी-१वर, मूळ घरी परत नेला आणि काळा वजीर कोंडला जाऊ लागला. फिशर तो डाव वाईट हरला. त्या लढतीत त्याने विषारी प्यादे पुन्हा खाल्ले नाही. फिशरचा भक्त त्याचे विजय पाठ करतो. पण हा अकरावा डाव ज्याने मन लावून पाहिला, त्याला बी-२वरच्या वजिराची भीती कळते, आणि तो प्रकार खेळायला लागणारी सावधगिरी त्या भीतीतूनच येते.

मग निवडायचे कोणाला? इथे माझे मत बऱ्याच शिक्षकांपेक्षा वेगळे आहे. ओपनिंगसाठी आजचे जगज्जेते मला फारसे चांगले गुरू वाटत नाहीत. त्यांचे मोठेपण निर्विवाद. पण ते प्रत्येक डावाला सुरुवात बदलतात; साहाय्यक आणि संगणक घेऊन एका विशिष्ट प्रतिस्पर्ध्याला एका विशिष्ट दिवशी चकवण्यासाठी चाल शोधतात. त्यांच्या शंभर डावांत एका ओपनिंगचे आठ-दहा डाव मिळतात, तेही परस्परांशी न जुळणारे. शिकणाऱ्याला हवा निष्ठावान माणूस, तीस वर्षे एकाच बचावाशी संसार केलेला.

पूर्व जर्मनीचा वोल्फगांग उलमान हा तसा माणूस. ई-४ला त्याचे उत्तर जवळजवळ नेहमी एकच, फ्रेंच बचाव. जिंकला तरी फ्रेंच, हरला तरी फ्रेंच. १९६०मध्ये ब्युनोस आयर्सला त्याने फिशरलाही याच बचावाने हरवले. काळा प्यादी ई-६ आणि डी-५वर ठेवतो. त्यामुळे सी-८चा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडला जातो. उलमानचे पंचवीस डाव सलग पाहा आणि फक्त त्या उंटावर नजर ठेवा. कधी तो डी-७वरून ए-४ला जातो, कधी बी-६ करून ए-६वर जाऊन आपल्यासारख्याच उंटाशी अदलाबदल करतो, कधी वीस चाली गप्प बसून शेवटी एफ-६ झाल्यावर जागा होतो. दुसरा उंट बी-४वर जाऊन सी-३चा घोडा मारतो. पांढऱ्याची सी-पट्टीतली प्यादी जोडीने अडकतात, पण काळ्याची काळी घरे कायमची उघडी पडतात. दोन्ही गोष्टी खऱ्या, आणि उलमान प्रत्येक डावात या सौद्याची किंमत नव्याने मोजतो. हे कोशात मिळत नाही. कोशात त्या खान्यापुढे बरोबरीची खूण असते.

स्वभावाचाही विचार लागतो. मुलांना ताल आवडतो, आवडलाच पाहिजे. तालचे डाव पाहून खेळावर प्रेम जडते, पण त्याचे ओपनिंग उचलणे कठीण, कारण त्याच्या सुरुवातीची किंमत पुढे येणाऱ्या गोंधळात आहे आणि त्या गोंधळात दिसणारे डोळे त्याचे होते. कारपॉव्हने लहानपणी कापाब्लांकाचे पुस्तक वाचले आणि त्याच्या खेळात ते शेवटपर्यंत दिसत राहिले. कास्पारॉव्हने अलेखाइनला आदर्श मानले आणि तेही दिसते. म्हणजे निवड झाली की ती मुरते. एकाऐवजी एक स्पर्धाही गुरू होऊ शकते: १९५३च्या झुरिक कँडिडेट्स स्पर्धेतले २१० डाव आणि त्यांवरचे ब्रॉन्स्टाइनचे पुस्तक यांवर किंग्ज इंडियन खेळणाऱ्या कितीतरी जणांचा पिंड पोसला गेला.

अभ्यासाची रीत मी हळूहळू ठरवत आलो. एका खेळाडूचे एका ओपनिंगमधले वीस-पंचवीस डाव, जुन्याकडून नव्याकडे. पहिल्यांदा प्रत्येक डाव पाच-सात मिनिटांत, थांबायचे नाही. पंधराव्या चालीला फक्त प्याद्यांचे चित्र वहीत काढायचे. पंचवीस चित्रे झाली की त्यांतली तीन-चारच खरी वेगळी आहेत, हे मुलालाच दिसते. मग हरलेले डाव, सावकाश. मग एका बाजूच्या चाली झाकून ओळखायच्या. पुस्तक आणि संगणक यानंतर. संगणक आधी लावला की तो बाराव्या चालीलाच आकडा सांगतो आणि मुलाचा विचार तिथेच थांबतो. बाकी संगणकाबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या लहानपणी वर्तमानपत्रातल्या सदरातून आठवड्याला एक डाव मिळायचा, तो दोनशे पानी वहीत उतरवून घ्यायचो; आज उलमानचे सगळे डाव एका क्षणात समोर येतात. २०१७च्या अखेरीस अल्फाझीरोचे डाव प्रसिद्ध झाले तेव्हा हत्तीसमोरचे प्यादे धावत पुढे नेण्याची त्याची रीत माणसांनी उचलली, म्हणजे यंत्राचेही डाव आवडीने वाचता येतात.

एक अडचण उरते, आणि ती गावोगावच्या स्पर्धांत रोज येते. थोरांच्या डावात समोरही थोरच असतो. जिल्हा स्पर्धेत समोरचा मुलगा चौथ्या चालीलाच वहीबाहेर जातो.

त्या आठवीतल्या मुलीबरोबर आम्ही आधी दिव्याचे डाव पाहिले, पाच-सहा. तिला विचारले, यातले काय आवडले? ती म्हणाली, दिव्याताई समोरच्याला येऊ देते आणि मग घाबरत नाही. तेव्हा मी उलमानची वही काढली. सध्या ती नवव्या डावावर आहे. गेल्या महिन्यात एका शालेय स्पर्धेत समोरच्या मुलाने तिसऱ्याच चालीला डी-५वर प्याद्यांची मारामारी केली, कोंडलेला उंट आपोआप मोकळा झाला आणि हिला काही सुचेना. डाव बरोबरीत सुटला. परत आल्यावर तिने बूटही काढले नाहीत. "सर, उलमानला कोणी असं केलं होतं का?"

केले होते, पुष्कळांनी. आम्ही ते डाव शोधून वेगळे काढले आहेत. वहीत तिने नवे पान सुरू केले आहे, वर लिहिले आहे "उंट मोकळा झाला तर", आणि खाली पहिल्या डावाच्या चार चाली उतरवल्या आहेत.